पाणी शेवटी

अर्धवट बांधकाम दिसलं की मला अजूनही एसटीतून उतरावंसं वाटतं. मी गणित शिकवणारा माणूस. विटा, रेती, सळया यांच्याशी माझा संबंध घरचं न्हाणीघर गळायला लागलं की येतो, तेवढाच. तरी बुलढाणा-चिखली रस्त्यावर कुठे नुसते खांब उभे दिसले, स्लॅबवर गंजलेल्या सळया दिसल्या, की मान आपोआप वळते आणि मनात येतं, "थांबलं म्हणजे नेमकं काय झालं?" हा प्रश्न माझा नाही, इंगळे मॅडमचा आहे. त्या कॉलेज सोडून गेल्या आणि जाताना हा प्रश्न माझ्याकडे ठेवून गेल्या, ही माझी त्यांच्याबद्दलची मुख्य तक्रार आहे.

सुजाता इंगळे आमच्या कॉलेजात सिव्हिल विभागात होत्या. चिखलीच्या बाहेर सोयाबीनच्या शेतांमध्ये आमचं खासगी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. आम्ही दोघंही बुलढाण्याचे, त्यामुळे सकाळची गाडी एकच. त्या खिडकीशी बसायच्या आणि त्या बाजूची सगळी बांधकामं त्यांच्या ओळखीची होती. "बघा सर, याला खिडक्या आल्या," असं त्या सांगायच्या, शेजारच्या बाळाला दात आल्याचं सांगावं तसं. एखाद्या ठिकाणी बरेच दिवस काही हललं नाही की त्यांना चैन पडायचं नाही. परतीच्या गाडीत मध्येच उठून कंडक्टरला म्हणायच्या, "दादा, इथं उतरवा मले." मग मी मागे वळून बघायचो. पंजाबी ड्रेस, पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला खाकी कापडी पिशवी, आणि बाई बांध ओलांडून कुणाच्या तरी बिनछपराच्या चार भिंतींकडे चाललेल्या. कंडक्टरही सवयीने मान हलवायचा आणि घंटी मारायचा.

वर्गात त्या शुद्ध बोलायच्या, अर्धं इंग्रजी, अर्धं पुस्तकी मराठी. पण खरा विचार करायला लागल्या की वऱ्हाडीत उतरायच्या. त्यांच्या तोंडून "मले" आलं की मी समजायचो, आता डोकं चालू झालं.

त्यांचा पीएचडीचा विषय त्यांनी मला अनेकदा समजावला आणि दरवेळी मी पूर्वीपेक्षा जास्त गोंधळलो. वरवर साधा होता. जिल्ह्यातली लहान बांधकामं, म्हणजे घरं, दुकानांचे गाळे, गावातली सभागृहं, वेळेत पूर्ण का होत नाहीत, आणि त्या उशिरापायी त्यांचा खर्च कसा वाढतो. मी म्हटलं, यात संशोधन कसलं, पैसे संपतात.

"सगळे हेच म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण पैसे संपले म्हणून काम थांबलं, का काम थांबलं म्हणून पैसे संपले? घर थांबलं तं घरभाडं थांबते काय? सळईचा भाव थांबते काय?"

आमच्या विषयात आधी काय आणि नंतर काय हे ठरलेलं असतं. त्यांच्या विषयात कार्य कुठलं आणि कारण कुठलं हेच सापडत नव्हतं, आणि त्यांना त्यात मजा वाटायची.

एकदा स्टाफ मीटिंगमध्ये प्राचार्यांनी जाहीर केलं की नव्या ग्रंथालयाचं काम अंतिम टप्प्यात थांबलेलं आहे. पुढच्या मुद्द्यावर जायला त्यांनी पान उलटलं, तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "थांबलं म्हणजे नेमकं काय झालं, सर?"

"रंग राहिलाय," प्राचार्य म्हणाले.

"रंग आणला नाही, की रंगारी मिळत नाही, की कोणता रंग द्यायचा ते ठरलं नाही?"

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. शेवटी निघालं असं की एका संचालकांना पिवळा हवा होता, दुसऱ्यांना फिका गुलाबी, आणि दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. हे सगळ्यांना माहीत होतं. मोठ्याने कुणी विचारलं नव्हतं. ग्रंथालय पुढे पांढरं रंगवलं गेलं आणि दोन्ही संचालक मॅडमवर सारखेच नाराज झाले.

त्यांच्या घरी मी एकदाच गेलो होतो. वडील एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले, आई घरी. समोरच्या खोलीत बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो, आणि अंगणातून वर जाणारा सिमेंटचा भक्कम जिना. जिना चढून गेलं की काहीच नव्हतं, मोकळं आकाश. मॅडम लहानपणापासून त्याच्या वरच्या पायऱ्यांवर बसून अभ्यास करायच्या, आणि खालच्या पायऱ्यांवर आई कुरडया वाळवायची. मला गंमत वाटली. मी म्हटलं, "मॅडम, तुमचं घरच तुमच्या अभ्यासात घ्या. अर्धवट बांधकाम."

"अर्धवट कुठं आहे?" त्या खरोखर चकित झाल्या. "जिना तं पूर्ण आहे. मजला व्हायचा आहे."

मी त्यांच्या वडिलांकडे पाहिलं. त्यांनीही तीच गोष्ट उघड आहे अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं. मी चहा प्यायलो.

आता पिशवीबद्दल. सुरुवातीला मॅडमनी रीतसर छापील प्रश्न नेले होते. मिस्त्री लोक कागद पाहिला की हात पुसायचे आणि म्हणायचे, "तुमीच भरा मॅडम, आमी सही करतो." तेव्हा मॅडमनी कागद सोडला आणि पिशवी धरली. पिशवीत एका स्टीलच्या डबीत रेती, सळईचा एक तुकडा, एक लहान थापी, एक रिकामं पाकीट, एक रबरी शिक्का, वडिलांचा जुना चष्मा आणि पाण्याची छोटी बाटली. हे सगळं त्या मिस्त्र्यापुढे जमिनीवर मांडायच्या आणि समजावायच्या. थापी म्हणजे कामाला माणसं न मिळणं. शिक्का म्हणजे सरकारी परवानगी. चष्मा म्हणजे घरमालक, जो येतो, बघतो आणि म्हणतो, खिडकी इकडे नको, तिकडे घ्या. "आता यातलं जे सगळ्यात जास्त काम थांबवते, ते पह्यलं ठेवा. मंग दुसरं. असं शेवटपर्यंत." मिस्त्री उकिडवा बसून वस्तू लावायचा, मॅडम तो क्रम लिहून घ्यायच्या. मला ही कल्पना फार आवडली होती. माझ्या विद्यार्थ्यांनाही गणित असं जमिनीवर मांडून शिकवावं असं मला वाटलं होतं, पण ते वाटण्यापुरतंच राहिलं.

पहिला मिस्त्री त्यांना भेटला देऊळघाटला, रशीदभाई. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे गाळ्यांचं काम चालू होतं. दुसऱ्या दिवशी मॅडम मला रस्त्यात भेटल्या तेव्हा चेहरा उन्हाने काळवंडलेला आणि आनंद लपत नव्हता. "सर, चाललं. पिशवी चालली. त्यानं काय शांतपणे लावलं सगळं. मी म्हटलं, रशीदभाई, एकदम बरोबर, फार छान." पुढे वर्षभर त्या सुट्टीच्या दिवशी गावोगाव हिंडल्या. रविवारी त्या कुठल्या गावात असतील हे त्यांच्या आईलाही माहीत नसायचं.

उत्तरं आली ती अशी. रेती पहिली. मग चष्मा, पाकीट, थापी, शिक्का, सळई. आणि पाणी शेवटी. गाव कुठलंही असो, मिस्त्री म्हातारा असो की तरुण, थोडाफार फरक सोडला तर क्रम हाच. एकदा चिखलीतल्या एका बांधकामावर मीही सोबत होतो. तिथल्या तरुण मिस्त्र्याने मॅडमचं बोलणं पूर्ण होण्याआधीच वस्तू पटापट लावल्या, रोजच्या देवपूजेची मांडणी करावी तशा. शेवटी बाटली ठेवली, हात झटकले आणि मॅडमच्या तोंडाकडे बघत राहिला. मॅडमनी लिहून घेतलं, तेव्हा कुठे तो हसला.

पाणी शेवटी. हे मला पटेना. आमच्याकडे उन्हाळ्यात नळाला पाणी किती दिवसांनी येतं यावर पाहुण्यांना बोलवायचं की नाही ते ठरतं. टँकर दिसला की माणसं जेवण सोडून उठतात. तिथे बांधकाम थांबवणाऱ्या गोष्टींत पाणी शेवटचं? मॅडमनाही ते खटकलं होतं. पण खटकलेली गोष्ट त्या सोडून देत नसत, तिच्याशेजारी जाऊन बसत. दोन-तीन महिने त्या या एकाच गोष्टीवर बसून राहिल्या, आणि एके सकाळी गाडीत म्हणाल्या, "सर, मले वाटते, जे कायमचंच कमी आहे, ते माणसाच्या हिशोबातूनच निघून जाते. पाण्यावाचून राहणं इतकं अंगवळणी पडलं की ते कारण म्हणून दिसतच नाही. रेतीचा भाव वाढला तं राग येते. पाण्याचा राग येणंच बंद झालं."

गाडी एका बंद पडलेल्या सभागृहावरून गेली, आणि त्या दिवशी त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. मला त्यांचं म्हणणं इतकं खरं वाटलं की मी घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला तर रोज राग येतो." पण ती काही मिस्त्री नव्हती.

विद्यापीठातल्या त्यांच्या मार्गदर्शक सरांना हा विचार फार आवडला. प्रबंधाचं हेच हृदय आहे, असं ते म्हणाले. मॅडमनी ते प्रकरण लिहून काढलं. आमच्या प्राचार्यांनी, ग्रंथालयाचा राग गिळून, सांगून टाकलं की डॉक्टरेट हातात आली की विभागप्रमुख त्याच. नोंदणीची मुदत संपत आली होती, पण प्रबंध टाइप होऊन तयार होता. मॅडमची आई अंगणातल्या जिन्याकडे बघून म्हणायला लागली होती की आता पगार वाढेल आणि वर खोली होईल.

त्या सुमाराला आमचं न्हाणीघर गळायला लागलं. गजानन मिस्त्री आले. मितभाषी, डोक्याला रुमाल बांधलेला माणूस. फरशी उचकटता उचकटता त्यांनी विचारलं, "सर, त्या पिशवीवाल्या मॅडम तुमच्याच कॉलेजच्या ना?"

"हो. का?"

"त्यायले सांगा ना, माझ्याकडं आल्याच नाही त्या. सगळ्यायची झाली, माझीच राह्यली. मले तं सगळं पाठ आहे."

"काय पाठ आहे?"

त्यांनी थापी खाली ठेवली. न्हाणीघरातलाच साबण, प्लॅस्टिकचा मग, घासणी, फरशीचे तुकडे असं काय काय गोळा करून ओळीत लावलं आणि एकेकावर बोट ठेवत म्हणून दाखवलं, "रेती. चष्मा. पाकीट. थापी. शिक्का. सळई. अन् पाणी शेवटी." शेवटी ठेवलेला मग खरोखर पाण्याने भरलेला होता.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"रशीदभाईनं. पह्यले त्यायलेच इचारलं होतं ना. अन् मॅडमनं तोंडावर सांगतलं, एकदम बरोबर म्हणून. मंग रशीदभाईनं सगळ्यायले सांगून ठेवलं. मोठी परीक्षा आहे म्हणे मॅडमची. आपल्यातला एक जरी चुकला तं त्यायचे मार्क जातीन."

मी विचारलं, "पण तुम्हाला स्वतःला काय वाटतं? तुमचं काम जास्त कशानं थांबतं?"

"मले?" गजानन मिस्त्री बुचकळ्यात पडले. "मले काऊन काही वाटन? परीक्षा मॅडमची आहे."

दुसऱ्या दिवशी गाडीत मी मॅडमना सगळं सांगितलं. न सांगण्याचा विचार माझ्या मनात आला नाही असं नाही, पण ती बाई शेजारी बसून खिडकीबाहेर बघत असताना ते माझ्याच्यानं झालं नसतं. बाहेर एका गाळ्याला त्याच दिवशी शटर बसलेलं दिसत होतं, तेही त्यांनी मला दाखवलं नाही. चिखली आलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "रशीदभाईले भेटलं पाह्यजे."

आम्ही सोबतच देऊळघाटला गेलो. रशीदभाई एका घराच्या प्लॅस्टरवर होते. मॅडमना बघून त्यांनी लगबगीनं हात धुतले, विटांवर गोणपाट टाकून बसायला दिलं आणि पहिलाच प्रश्न केला, "निकाल लागला काय मॅडम?"

मॅडमनी शांतपणे विचारलं, "रशीदभाई, तुम्ही त्या दिवशी पाणी शेवटी काऊन ठेवलं होतं?"

रशीदभाईंनी आठवायचा प्रयत्न केला, आणि मग ओशाळून हसले. "त्या दिवशी मले प्यास लागली होती, मॅडम. धूप तं किती होती. सामान लावता लावता मी तुमची बाटली उचलून पेलो. मंग हातातली बाटली बाजूले ठेवली. तुम्ही पिशवीत पेन शोधून राह्यल्या होत्या. अन् तुम्ही वर पाह्यलं अन् म्हणाल्या, एकदम बरोबर. मी म्हटलं, चला, बरोबर तं बरोबर."

मॅडमच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. हसू यावं तसे ओठ झाले आणि डोळे तसे नव्हते. मग त्यांनी पिशवी उघडली आणि सगळ्या वस्तू पुन्हा जमिनीवर मांडल्या. "आता परीक्षा नाही, रशीदभाई. बरोबर-चूक काही नाही. खरंच तुम्हाले जे वाटते ते लावा."

रशीदभाई या वेळी खूप वेळ बसले. वस्तू उचलल्या, ठेवल्या, बदलल्या. चष्मा पहिला आला, रेती दुसरी. आणि बाटली त्यांनी हातात घेतली, इकडेतिकडे पाहिलं, आणि ठेवली ती शेवटी.

"आता काऊन?" मॅडमचा आवाज बारीक झाला होता.

"पाणी नसलं तं आम्ही काम लावतच नाही ना, मॅडम. जे सुरूच नाही झालं, ते थांबन कसं?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, वाचलो. पण भिंतीच्या पलीकडून रशीदभाईंचा जोडीदार मिस्त्री ओरडला, "काऊन खोटं सांगतं बे? मागच्या साली तुयं काम पाण्यापायीच बंद पडलं होतं."

"ते पाण्यापायी नव्हतं, टँकरवाल्यापायी होतं."

"टँकरवाला काय आणते मंग, दूध?"

दोघांचं जुंपलं. आम्ही उठलो तेव्हाही ते चालू होतं. परत येताना मी मॅडमना म्हटलं की म्हणजे तुमचा सिद्धांत बहुतेक बरोबरच आहे. मग म्हटलं, किंवा नाही.

मॅडमनी जाऊन मार्गदर्शक सरांना सगळं सांगितलं. सर चांगले माणूस होते. ते म्हणाले, अशा गोष्टी होतात. "अभ्यासाच्या मर्यादा" म्हणून एक परिच्छेद टाका आणि सादर करा. सिद्धांत काही खोटा ठरलेला नाही. मला हे शंभर टक्के पटलं. मी मॅडमना स्टाफरूममध्ये तसं सांगितलंही, जरा चिडूनच.

"खोटा नाही ठरला, सर," त्या म्हणाल्या. "पण खरा कुठं ठरला?"

"मग एक परिच्छेद लिहा की."

"काय लिहू? त्यांनी उत्तर मला दिलं, प्रश्नाला नाही दिलं. मी आवडले त्यांना." त्या थांबल्या आणि टेबलावरचा खडू उगाच फिरवत राहिल्या. "इतक्या माणसांनी मिळून मले पास करायचं ठरवलं होतं, सर. ज्यांना मी चहासुद्धा पाजला नाही. हे कोणत्या प्रकरणात लिहू?"

हे बोलताना त्या रडत होत्या की काय, मला नीट दिसलं नाही. मी खिडकीबाहेर बघत होतो.

प्रबंध त्यांनी दिला नाही. मुदत संपली. त्या दिवशी आईने जिन्यावरच्या कुरडया उलटवत विचारलं, "थांबलं काय वं बाई तुयं?" आणि त्या म्हणाल्या, "थांबलं नाही माय. सुरूच नाही झालं." हे त्यांनी मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. विभागप्रमुख म्हणून बाहेरून एक तरुण डॉक्टर आला. मॅडम एक सत्र त्याच्या हाताखाली शिकवत राहिल्या, त्याच बसनं आल्या, त्याच खिडकीशी बसल्या. मग जालन्याकडच्या एका पॉलिटेक्निकमध्ये त्यांना जागा मिळाली आणि त्या गेल्या. त्या शहाणपणानं वागल्या की हट्टानं, यावर मी खूप विचार केला आहे. दोन्ही बाजूंनी मी ते सिद्ध करू शकतो, आणि जे दोन्ही बाजूंनी सिद्ध होतं त्याचं काय करायचं ते आम्हाला शिकवलेलं नाही.

त्या गेल्यावर काही दिवसांनी गजानन मिस्त्री घरी आले. मला वाटलं, फरशीच्या कामाचं काही असेल. ते दारातच उभे राहिले.

"सर, मॅडम नापास झाल्या म्हणे."

"नापास नाही. त्यांनी परीक्षाच दिली नाही, असं म्हणा."

"आमाले खरं सांगा. कोण चुकलं?"

"कुणीच चुकलं नाही हो."

"तो चिखलीचा पोरगा चुकला असन. रशीदभाईनं त्याले लय बोललं. तो शपथ घेऊन सांगते, का मी पाणी शेवटीच ठेवलं म्हणून." त्यांनी डोक्याचा रुमाल काढून हातात घेतला. "कोणीच नाही चुकलं, तं मंग नापास कशा झाल्या?"

मी त्यांना आत या म्हटलं, बसा म्हटलं, चहा घ्या म्हटलं. ते चहा न घेताच गेले. कितीतरी दिवस मला वाटायचं की मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं, आणि मग लक्षात यायचं की काय समजावायचं तेच मला समजलेलं नाही.

त्यानंतर मॅडम मला एकदाच दिसल्या. मेहकरला एक लग्न होतं, तिथून मी जालन्याला निघालो होतो. दुसरबीडला गाडी चहाला थांबली. दिवस उन्हाळ्याचे. स्टँडच्या पलीकडे रस्त्याला लागून गाळ्यांचं काम चाललेलं होतं, अर्ध्या उंचीच्या भिंती. तिथे सावलीच्या पट्ट्यात कुणीतरी बाई जमिनीवर बसली होती, आणि पायात कॅनव्हासचे बूट होते. समोर एक वयस्कर मिस्त्री उकिडवा बसलेला.

मी चहाचा कप घेऊन रस्त्याच्या कडेपर्यंत गेलो. बोलणं ऐकू येत होतं, हाक मारली असती तर त्यांनी वर पाहिलं असतं. पण मिस्त्री वस्तू लावत होता, आणि अशा वेळी मध्ये बोलायचं नाही हे मला माहीत होतं. खाकी पिशवी तीच. रेतीची डबी, थापी, चष्मा, सगळं ओळीत येत चाललं होतं. पाण्याची बाटली मात्र कुठे दिसेना. ती मुद्दाम काढून टाकली होती की घरी विसरली होती, कळायला मार्ग नव्हता. मॅडमनी तोंडावर काहीही दिसू द्यायचं नाही असं ठरवलेलं असावं. त्या अगदी कोऱ्या चेहऱ्यानं बसल्या होत्या, चांगलं नाही, वाईट नाही.

मिस्त्र्यानं शेवटची वस्तू ठेवली. ओळीकडे पाहिलं. मग काहीतरी राहून गेल्यासारखा तो उठला, निंबाखालच्या माठाकडे गेला आणि स्टीलचा ग्लास भरून घेऊन आला. मॅडमच्या समोर वाकून त्यानं तो जमिनीवर ठेवला. मॅडम ओळीच्या सुरुवातीपाशी बसलेल्या होत्या, त्यामुळे ग्लास आला तो रेतीच्याही आधी.

"आधी पाणी घ्या, मॅडम," तो म्हणाला. "उन्हातून आल्या तुम्ही."

मॅडम ग्लासाकडे बघत राहिल्या. हातातलं पेन वहीवर टेकलं, उचललं गेलं, पुन्हा टेकलं. त्यांनी मिस्त्र्याकडे पाहिलं. विचारू की नको अशा त्या दिसल्या, आणि विचारलं असतं तर काय, ते मला माहीत होतं. मिस्त्री हसून म्हणाला, "थंड आहे, घ्या." मग त्यांनी पेन खाली ठेवलं, ग्लास दोन्ही हातांनी उचलला आणि सगळं पाणी एका दमात प्यायल्या. बरीच तहान लागलेली असावी.

कंडक्टरनं घंटी मारली. मी घाईनं कप ठेवून गाडीत चढलो आणि त्या बाजूची खिडकी धरली. गाडी हलली तेव्हा मिस्त्री समोर बसून वाट बघत होता, ओळ तशीच होती, आणि मॅडम रिकामा ग्लास हातात धरून बसल्या होत्या. तो खाली कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.